रक्ताची साक्ष

मूल आईवर गेले की बापावर, हा प्रश्न वर्धा जिल्ह्यातील आंजी (मोठी)सारख्या गावात बारशाच्या दिवशीच निकालात निघतो. 'खाण तशी माती' असे म्हणून आयाबाया मोकळ्या होतात. परंतु नाकडोळ्यांच्या साम्यावरून बांधलेला तर्क निराळा आणि न्यायासनापुढे टिकणारा पुरावा निराळा. असा पुरावा रक्ताच्या रूपाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मनुष्यास लाभला. आणि त्याच्या साक्षीवर आंधळा विश्वास ठेवू नये, हे त्याच शतकाच्या मध्यास मुंबईने दाखविले.

१९०१ साली व्हिएन्ना येथे कार्ल लँडस्टायनर यांनी माणसांच्या रक्ताचे गट प्रथम पाडले. ते गट आईबापांकडून वारशाने येतात, हे फॉन डुंगर्न व हिर्शफेल्ड यांनी १९१० साली हायडेलबर्ग येथील कुटुंबे तपासून सिद्ध केले. त्यांच्या नियमात मात्र एक उणीव राहिली होती. ती १९२४ साली दूर केली ती कोणा वैद्याने नव्हे, तर फेलिक्स बेर्नस्टाइन या जर्मन गणितज्ञाने! ए, बी आणि ओ ही एकाच जागेची तीन पर्यायी बीजे होत. प्रत्येक माणसाजवळ त्यांपैकी दोन असतात, एक आईचे व एक बापाचे. ए व बी तुल्यबळ असून ओ त्यांच्यापुढे दबून राहते, असा त्यांचा सिद्धान्त. त्यावरून ए व बी गटांच्या दांपत्यास ओ गटाचे मूल होणे संभवते. उलट, ज्याचा गट ओ त्याच्यापाशी देण्यास ओ वाचून दुसरे काहीच नाही. सबब त्याचे अपत्य एबी गटाचे असूच शकत नाही. अमुक हा या मुलाचा बाप आहे असे या तपासणीने कधीच ठरत नसे. पण तो बाप नव्हे, असे मात्र ती निःशंकपणे सांगे. अशा नकाराचा सारा भार कोणावर पडतो, हे सांगावयास नको.

१९५२ साली डॉ. य. मो. भेंडे, देशपांडे व भाटिया यांनी लंडनच्या संशोधकांच्या साह्याने 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक टिपण प्रसिद्ध केले. मुंबईत काही थोड्या माणसांचे रक्त असे आढळले होते की, नेहमीच्या तपासणीत ते ओ दिसावे, पण ओ गटाच्या रक्ताशीही त्याचे जुळू नये. पुढे याचा उलगडा झाला. ए आणि बी ही लक्षणे तांबड्या पेशींवरील एच नामक द्रव्यावर चढविली जातात. ओ गटाच्या पेशींवर ते द्रव्य तसेच उघडे असते; या माणसांत मात्र मुळी तेच नाही. भिंतच नसेल तर चित्र काढणार कशावर? आणि ज्याच्या शरीरात एच नाही, त्याचे रक्तजल दुसऱ्याच्या एचवर तुटून पडते.

या गटास 'बॉम्बे' हे नाव मिळाले ते १९५५ साली, अमेरिकेतील लिव्हाइन प्रभृतींच्या निबंधामुळे. इटालियन वंशाच्या एका स्त्रीचे रक्त ओ सारखे, पती ए गटाचा, आणि मुलगी एबी! मुलीस बी मिळाले ते आईकडूनच. आपल्याकडे म्हणतात, आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार. येथे आडात होते, पण पोहऱ्यात दिसत नव्हते. मला या हकीकतीत विशेष वाटते ते हे की, प्रश्न आईचा होता. पोटच्या मुलीचे आईपण कोण नाकारणार? म्हणून शास्त्राला आपला नियम पुन्हा तपासावा लागला. हेच रक्त पतीचे असते, तर नियम अबाधित राहिला असता आणि दोष पत्नीच्या पदरी गेला असता.

एचचा अभाव मुलात प्रकट होण्यास आई व बाप या दोघांकडून सदोष बीज यावे लागते. नात्यातील लग्नात हा योग अधिक येतो, आणि मामाची मुलगी करण्याची चाल महाराष्ट्रात अनेक जातींत आहे. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या भाटिया व साठे यांच्या पाहणीत मुंबईत सुमारे ७,६०० माणसांत एक असे याचे प्रमाण आढळले. युरोपात हा गट याहून कितीतरी विरळा.

तेव्हा आंजीच्या एखाद्या शेतकऱ्याच्या कागदावर ओ असे लिहिलेले असले, तरी रक्त चढविण्यापूर्वी त्याचे रक्तजल ओ गटाच्या पेशींशी ताडून पाहणे अगत्याचे ठरते. तेथे गुठळ्या झाल्या तर पेढीतील एरवी सर्वांना चालणारे ओ रक्तही त्यास घातकच. मग अशाच दुर्मिळ रक्ताचा दाता शोधावयाचा. आणि आईबाप स्वतः या गटाचे नसले तरी दर सख्ख्या भावंडाचे रक्त तसे असण्याचा संभव चारांत एक असतो, म्हणून पहिला निरोप धाडावयाचा तो सख्ख्या भावाबहिणींना.