शाळेच्या पाटीवरची भिवंडी

भिवंडी म्हटलं की यंत्रमागांचा खडखडाट आणि 1970, 1984 च्या दंगली, एवढंच आपण बोलतो. आज महापालिकेच्या शाळांच्या पाट्या वाचू. मराठी, उर्दू, हिंदी, गुजराती, तेलुगू! एका गावात इतकी माध्यमं कशी?

याचं उत्तर मागात आहे. 1857 च्या उठावानंतर उत्तरेतले मोमीन विणकर इकडे आले. कोकणी मुसलमान तर त्याआधीपासूनचे, घरात मराठीच्याच वळणाची बोली बोलणारे. तरी त्यांचीही पुष्कळ मुलं उर्दू शाळेत गेली. पुढे तेलंगणातले पद्मशाली आले, पद्मनगर वसलं, तेलुगूचे वर्ग भरले. म्हणजे बाप कुठून आला, त्यावर पोराची शाळा ठरली.

आणि माग बंद पडले की? बाप गावी परततो, वर्षाच्या मध्येच. पोराचं नाव इथल्या हजेरीपटावर राहतं. 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगतो की 6 ते 14 वयाच्या मुलाला दाखला उशिरा मिळाला, म्हणून दुसरी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. ओळखीच्या लूमवाल्या घरात हे जरूर सांगा.