वादविवाद आणि मेस कमिटी

गेल्या आठवड्यात ऑफिसात जेवताना टीममधल्या एका नव्या पोराने विचारलं, "तुमच्या वेळी कॉलेजात इलेक्शन व्हायची का हो?"

"नाही रे, बंद होती."

"मग जीएस कोण व्हायचं?"

"टॉपर मंडळींपैकी कुणीतरी."

तो हसला. म्हणाला, "म्हणजे अप्रेझलमध्ये पहिला आला त्याला युनियन लीडर करायचं!"

पोरगं हुशार आहे. पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून या विकेंडला जरा जुनं उकरून काढतोय.

आमचा काळ २००३ ते २००७. इंजिनिअरिंग, हॉस्टेल, सगळं साग्रसंगीत. आम्हाला वाटायचं की निवडणुका नसणं हा आमच्या प्राचार्यांचा कडकपणा आहे. तसं नव्हतं. १९९४च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यानेच तशी सोय करून ठेवली होती. प्रत्येक वर्गातून आदल्या वर्षीच्या परीक्षेत चमकलेला एक विद्यार्थी प्राचार्यांनी नेमायचा. खेळ, एनसीसी, एनएसएस आणि सांस्कृतिक यांचा एकेक, आणि दोन मुली. तेही प्राचार्यांनीच नेमायचे. मग या नेमलेल्या मंडळींनी आपल्यातून एक सचिव निवडायचा. झाली लोकशाही!

याला कारण नव्हतं असं नाही. ऐंशीच्या दशकात कॉलेज निवडणुका म्हणजे पैसा, बाहेरचे पक्ष आणि मारामाऱ्या असं समीकरण झालं होतं. १९८९ साली मुंबईत निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. पालक घाबरले, प्राध्यापक वैतागले. सरकारने रोगाबरोबर रोगीही उचलून बाहेर ठेवला. आमच्या भाषेत सांगायचं तर बग सापडला म्हणून अख्खं मोड्यूलच कमेंट आउट केलं.

मग आमच्याकडे उरलं काय? एक, हॉस्टेलची गच्ची. दोन, वादविवाद स्पर्धा. आणि तीन, मेस कमिटी.

पैकी वादविवादात मी बरा होतो. (घरी अजून दोन करंडक आहेत. आईने एकात पेनं ठेवलीत.) स्पर्धेचा नियम सगळ्यांना माहीत असेलच. विषय आधी कळतो, बाजू चिठ्ठी टाकून मिळते. आम्हाला याचा केवढा अभिमान! कुठल्याही बाजूने तितक्याच जोरात बोलता येणं म्हणजे बुद्धिमत्ता, अशी आमची ठाम समजूत.

२००५ साली एका स्पर्धेत विषय होता, 'नावे बदलून समाज बदलत नाही'. मला चिठ्ठी आली अनुकूल बाजूची. मी बॉम्बेचं मुंबई झालं त्यापासून सुरुवात केली आणि शेवटी मराठवाडा विद्यापीठावर आलो. "सोळा वर्षं आंदोलन झालं, काय झालं? पाटी बदलली! गावातल्या नळाला पाणी आलं का?" टाळ्या पडल्या. पहिला नंबर आला.

माझा रूम पार्टनर नांदेडकडचा होता. प्रेक्षकांत बसला होता. रात्री गच्चीवर सगळे पार्टी मागत असताना तो म्हणाला, "पाटी बदलावी म्हणून नाही जळाली आमची घरं. पाटी बदलू नये म्हणून जळाली."

आम्ही गप्प. मग त्याने थोडक्यात सांगितलं. त्याचे वडील १९७८ साली गाव सोडून नांदेडला आले. अंगावरच्या कपड्यांनिशी. तेव्हा ते दहावीत होते, ती दहावी राहिली ती राहिलीच.

त्यावर मी जे बोललो ते लिहायला आजही लाज वाटते. मी म्हटलं, "अरे, पर्सनल कशाला घेतोस? मला चिठ्ठीच ती आली होती."

तो म्हणाला, "हो ना. आम्हाला कुठे चिठ्ठी आली होती." आणि खाली निघून गेला.

आता थोडा इतिहास, जो मला भाषण करण्याआधी माहीत असायला हवा होता. मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं १९५८ साली, औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर). त्याच शहरात बाबासाहेबांनी १९५० साली मिलिंद महाविद्यालय उभं केलेलं. विद्यापीठाला त्यांचं नाव द्यावं ही मागणी सत्तरच्या दशकात जोर धरत गेली. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी तसा ठराव केला. आणि लगेच मराठवाडा पेटला. गावोगावच्या दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली, माणसं मारली गेली, हजारो लोक गाव सोडून गेले. ठराव कागदावरच राहिला. १९७९ साली जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून लाँग मार्च निघाला. शेवटी १४ जानेवारी १९९४ रोजी नाव लागलं, तेही 'मराठवाडा' शब्द ठेवून. म्हणून नामांतराऐवजी 'नामविस्तार' म्हणायची पद्धत पडली.

या सगळ्यात विद्यार्थी दोन्ही बाजूंना होते. विरोधातले मोर्चे काढणारे विद्यार्थीच, आणि नामांतरासाठी तुरुंगात जाणारेही. म्हणजे कॅम्पसवरच्या वादाची किंमत कॅम्पसपासून मैलोनमैल दूरच्या वस्तीने चुकवली, जिथल्या कित्येकांनी विद्यापीठाचं फाटकही पाहिलं नसेल.

आणि योगायोग बघा. ज्या १९९४ साली ते नाव लागलं, त्याच वर्षीच्या कायद्याने विद्यार्थ्यांचं मत गेलं.

पण विद्यार्थ्यांच्या चर्चेतून फक्त आगीच लागतात असं मानायचं कारण नाही. याच्या बरोबर उलटं उदाहरण आपल्याकडे फार जुनं आहे. १८४८ साली, म्हणजे मुंबई विद्यापीठ निघायच्याही नऊ वर्षं आधी, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या विद्यार्थ्यांनी आणि तरुण शिक्षकांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' काढली. दादाभाई नौरोजी त्यातलेच, वय जेमतेम बावीस-तेवीस. निबंध वाचायचा, त्यावर चर्चा करायची, असा साधा कार्यक्रम. मराठी आणि गुजरातीतून बोलण्यासाठी वेगळ्या ज्ञानप्रसारक सभा. एकदा स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला गेला, चर्चा झाली. आमच्याकडे यानंतर चहा झाला असता. या पोरांनी १८४९ साली मुलींच्या शाळा काढल्या आणि पगार न घेता सकाळच्या वेळी स्वतः शिकवायला जायला लागले. मुलीच्या आईबापाला पटवायचं तर दारात उभं राहून बोलावं लागतं. तिथे चिठ्ठी काढून बाजू बदलता येत नाही.

(पुण्यात भिडेवाड्यातली जोतीराव आणि सावित्रीबाईंची शाळाही १८४८चीच. त्यांनी त्यासाठी काय सोसलं ते वेगळं सांगायला नको.)

आता मेस कमिटी. आमच्या हॉस्टेलात मतदान व्हायचं ते एवढ्या एकाच गोष्टीसाठी. हात वर करून. आणि तिथे दोन वर्षं निवडून आला तो माझा रूम पार्टनर. टॉपर नव्हता, त्यामुळे विद्यार्थी मंडळात त्याचा नंबर कधी लागलाच नसता. पण गव्हाचा भाव, कंत्राटदाराची उधारी, कुणाची दोन महिन्यांची थकबाकी, सगळं त्याच्या वहीत. 'रविवारची फीस्ट बंद करून रोजचं दूध वाढवावं' यावर तीन तास खडाजंगी झाली होती. त्याने एकही वाक्य फेकलं नाही. एकेकाच्या खोलीवर जाऊन विचारलं, "तुला काय अडचण आहे?" शेवटी महिन्याला दोन फीस्ट आणि वाढीव दूध असा निकाल लागला. मीही हात वर केला होता, कारण ते बिल मलाही भरायचं होतं.

सांगायचा मुद्दा इतकाच. जिथे आमचं मत मोजलं जायचं तिथे आम्ही दुसऱ्याचं ऐकायला शिकलो, आणि जिथे नुसत्या टाळ्या मोजल्या जायच्या तिथे फक्त बोलायला शिकलो. निवडणुका बंद करून मारामाऱ्या कमी झाल्या असतील, पण ज्याचं मत आपल्याला हवंय त्याच्या खोलीवर जायची गरजही संपली.

पुढे २००६ साली लिंगडोह समितीच्या शिफारशी सुप्रीम कोर्टाने लागू केल्या. उमेदवाराला खर्चाची मर्यादा ५००० रुपये, हजेरीची अट, वयाची अट. म्हणजे रोगावर औषध होतं! महाराष्ट्रात मात्र खुल्या निवडणुकांची तरतूद यायला २०१६चा नवा विद्यापीठ कायदा यावा लागला. तो २०१७ साली लागू झाला. कायद्यात तरतूद येणं आणि मतपेटी कॉलेजात येणं यातलं अंतर आपल्याकडे किती असतं, हे ज्याने सरकारी काम केलंय त्याला सांगायला नको.

त्या रात्रीनंतर आम्ही आणखी दोन वर्षं एकाच खोलीत राहिलो. भांडण नाही, अबोला नाही. पण तो पुन्हा गच्चीवर चर्चेला आला नाही, आणि मीही त्याला कधी बोलावलं नाही. मागच्या दिवाळीला फोनवर धीर करून विषय काढला. तो म्हणाला, "बाबांना तेव्हा सांगितलं होतं मी, पार्टनरला पहिला नंबर मिळाला म्हणून. विषय कुठला ते नव्हतं सांगितलं."

मी सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "जाऊ दे रे. नांदेडला आलास की घरी ये, बाबांशी बोल."

अजून गेलो नाही. जानेवारीत सुट्टी टाकलीये.