मॉख्लिनच्या लाकडी डब्या

शिवणाच्या पेटीतील सुईघर, अंगुस्तानाची डबी किंवा रिळाची पेटी यांस इतिहास असतो असे म्हटले, तर पुष्कळांस ती अतिशयोक्ती वाटेल. परंतु स्कॉटलंडच्या एअरशायर परगण्यातील मॉख्लिन या लहानशा गावी झालेल्या अशा वस्तू जमविण्याचा नाद पाश्चात्य देशांत अनेकांस आहे. आणि तो पोकळ नव्हे, असे आमचे मत आहे.

या धंद्याचा उगम तपकिरीत आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लॉरेन्सकर्क येथे लाकडी डबीची बिजागरी लाकडातच दडविण्याची युक्ती निघाली. झाकण घट्ट बसे व तपकीर सांडत नसे. पुढे ही विद्या एअरशायरमध्ये पोचली आणि मॉख्लिनला विल्यम व अँड्र्यू स्मिथ या बंधूंनी तिला ऊर्जितावस्थेस आणले. तपकिरीची चाल मागे पडू लागली, तेव्हा हे कारागीर हातावर हात ठेवून बसले नाहीत. त्यांनी स्त्रियांच्या शिवणकामाकडे लक्ष वळविले, आणि पेझलीच्या सुताच्या कारखानदारांस रिळांसाठी सुबक पेट्या पुरविल्या.

लाकूड बहुधा सिकॅमोरचे, फिकट व गुळगुळीत. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले चित्र कागदावर छापून लाकडावर उतरवीत आणि वर वार्निशाचे अनेक हात देत. 1852 साली बालमोरलची मालमत्ता राजघराण्याकडे आल्यावर स्कॉटिश चौकड्यांची आवड वाढली. तशा कागदाने मढविलेल्या डब्याही खपल्या. नेच्याच्या पानांची नक्षी हा आणखी एक प्रकार. काही डब्यांवर, हे लाकूड दून नदीच्या काठचे आहे, असे मुद्दाम छापलेले असे. कारण रॉबर्ट बर्न्स या कवीने ती नदी अजरामर केली होती. पंढरीहून बुक्का आणावा, तसाच हा भाव होय!

बाजारी माल म्हणून या वस्तूंस तुच्छ लेखणारे आहेत. पण त्यांवरील देवळे, धक्के, पूल व शाळा यांपैकी काही आज उरल्या नाहीत, आणि त्यांचे रूप एखाद्या सुईघरावर टिकून आहे. ती सुईघरे टिकली, कारण घरच्या स्त्रियांनी ती फेकली नाहीत. आपल्याकडे सावंतवाडीचे लाखकाम नावाजलेले आहे; तरी आपल्या किती घरांत आजीची फणेरपेटी शिल्लक आहे आणि किती भंगारात गेल्या, हे ज्ञातिबांधवांनी आपापल्या माळ्यावर चढून पाहावे.

1933 साली मॉख्लिनच्या कारखान्यास आग लागली आणि हा धंदा संपुष्टात आला.