दलित आत्मकथन

मराठी साहित्यातील एक गद्यप्रकार. जातिव्यवस्थेने गावकुसाबाहेर ठेवलेल्या समाजांतील लेखकांनी स्वतःचे आणि त्यासोबत आपल्या वस्तीचे जगणे यात सांगितले. दया पवार यांच्या 'बलुतं'ने (१९७८) हा प्रकार ठळकपणे पुढे आला. आंबेडकरी चळवळीमुळे मिळालेले शिक्षण, मुंबईतील १९५८ चे पहिले दलित साहित्य संमेलन, बाबूराव बागूल यांची कथा आणि नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' (१९७२) यांनी त्याची भूमी तयार केली होती.

एकोप्याने नांदणाऱ्या स्वयंपूर्ण खेड्याचे चित्र मराठी वाचकाच्या मनात पक्के होते. 'बलुतं'ने तेच खेडे महारवाड्यातून दाखवले : मेलेली जनावरे ओढायची, मयताची वर्दी परगावी पोचवायची, सरकारी कामासाठी वेळी-अवेळी धावायचे आणि मोबदल्यात दारोदार भाकर मागायची. महार वतनाचा हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयकाद्वारे मांडला होता. पन्नास वर्षांनी एका पुस्तकामुळे तो मध्यमवर्गीय घरांत वाचला जाऊ लागला. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) यांनी भटक्या-विमुक्तांचे जग समोर आणले. दोहोंना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

स्त्रियांची आत्मकथने याहून पुढे जातात. फलटणला किराणा दुकान चालवणाऱ्या बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' घरच्यांपासून लपवून लिहिले. सवर्णांचा जाच त्यांनी सांगितलाच, पण सासुरवाशिणींचे आपल्याच वस्तीत झालेले हालही झाकले नाहीत. ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्ये (२००३) कोकणातील बालपणाबरोबर शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या बाईचा घरातला झगडाही येतो. या प्रकारातील सर्वांत निर्भय लेखन स्त्रियांचे आहे.

जुनी दुःखे चव्हाट्यावर का मांडता, असा आक्षेप दलित समाजातूनही घेतला गेला. तो समजण्यासारखा आहे. लाजिरवाणे ठरवलेले जगणे नावानिशी छापण्याची किंमत लेखकाबरोबर त्याच्या नातलगांनाही मोजावी लागते. तरीही गावगाड्याचा इतिहास या पुस्तकांना वगळून लिहिला, तर तो अपुराच राहील. वतनाच्या कागदांत कामाची आणि हक्काची नोंद सापडते. ते काम करणाऱ्यांनी काय सोसले, ते इथेच वाचायला मिळते.