मोट, रहाट आणि हृदय

हजीऱ्याच्या कारखान्यांत ज्यांनी उमेदीची वर्षे काढली, त्यांना पंप म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. मुंबईजवळच्या समुद्रातला नैसर्गिक वायू इथे किनाऱ्याला लागतो आणि विजयपूर-जगदीशपूरची वाहिनी इथूनच उत्तरेकडे निघते. दाब, प्रवाह, गळती, बेअरिंग हे शब्द आमच्या कॉलनीत पोरासोरांच्याही तोंडी असत. माझी नोकरी पंप हाऊसवरची. त्यामुळे निकामी होत चाललेल्या हृदयाला जोडायच्या पंपाचा इतिहास मी वाचू लागलो तो वैद्यकाच्या नव्हे, पंपाच्या ओढीने.

आपले हृदय म्हणजे मोट. (आमचे गुजराती शेजारी तिला कोस म्हणतात.) मोट विहिरीत बुडते, भरते, बैल धावेवरून उतरले की वर येते, थारोळ्यात रिकामी होते आणि पुन्हा खाली जाते. हृदयही तसेच. भरायचे, आवळायचे, रिते व्हायचे. मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त, दिवसाला लाखभर ठोके. तेव्हा कृत्रिम पंप करायचा तर तो मोटेसारखाच हवा, असे सर्वांनी धरून चालणे स्वाभाविक होते. या एका समजुतीत तीस वर्षे गेली.

१९६६ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे डॉ. मायकेल डिबेकी यांनी एका स्त्रीच्या थकलेल्या हृदयाला बाहेरून पंपाचा आधार दिला. दहा दिवसांनी पंप काढला आणि ती बरी होऊन घरी गेली. त्याच शहरात १९६९ मध्ये डॉ. डेंटन कूली यांनी एका रुग्णाचे हृदय काढून त्या जागी संपूर्ण कृत्रिम हृदय बसवले. त्यावर तो सुमारे तीन दिवस जगला, मग मिळालेले मानवी हृदय लावल्यावर थोड्याच वेळात दगावला. या प्रकरणावरून दोन्ही डॉक्टरांत जो अबोला पडला, तो जवळजवळ चाळीस वर्षे टिकला. भाऊबंदकी काही आपल्याच गावात नसते!

आपल्याकडे याच सुमारास, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातले पहिले हृदयरोपण केले. डॉ. बर्नार्ड यांच्या केपटाऊनच्या पहिल्या शस्त्रक्रियेला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासच जगला. नवे हृदय मिळेपर्यंत रुग्णाला आठवडेच्या आठवडे तगवून धरील असे यंत्र तेव्हा जगात कुठेच नव्हते.

१९८२ मध्ये यूटा येथे बसवलेले 'जार्विक-७' हे हृदय दाबलेल्या हवेवर चाले. हवा पुरवणारे यंत्र रुग्णाच्या खाटेशेजारी, वजन दीडशे किलोहून अधिक. रुग्ण एकशे बारा दिवस जगला, पण त्या नळ्यांनी खाटेला बांधलेलाच. पुढचे मोटेच्या जातीचे पंप शरीरात मावू लागले, तरी त्यांचे पडदे आणि झडपा झिजत. वर्षाला साडेतीन कोटी वेळा उघडमीट करणारी झडप झिजणार नाही तर काय! २००१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत असा पंप लावलेल्या शंभरांतले बावन्न जण वर्षभर जगले, नुसत्या औषधांवरचे पंचवीस. दुसऱ्या वर्षाअखेर मात्र पंपवाल्यांतही तेवीसच उरले.

वाट सापडली ती इजिप्तमध्ये. १९७६ मध्ये तिथे गेलेल्या डॉ. रिचर्ड वॉम्पलर यांनी खेडुतांना मळसूत्राने पाणी चढवताना पाहिले. आर्किमिडीजच्या नावाने ओळखली जाणारी ही जुनी युक्ती. फिरवत राहिले की पाणी अखंड वर येत राहते. मोट नव्हे, रहाटाच्या जातीची गोष्ट. रक्तही असेच का चढवू नये? जाणत्यांनी मान हलवली. मिनिटाला पंचवीस हजार फेऱ्यांत रक्तपेशींचे मिक्सरमधल्या वाटणासारखे होईल, असे त्यांचे म्हणणे. १९८८ मध्ये ह्यूस्टनला डॉ. फ्रेझियर यांनी पेन्सिलीएवढा हा पंप मांडीच्या धमनीतून आत सरकवला आणि पेशी टिकल्या.

तिथून अखंड प्रवाहाचे पंप आले. आज वापरात असलेल्या 'हार्टमेट-३' मध्ये फिरणारे चक्र चुंबकाच्या बळावर अधांतरी तरंगते. बेअरिंगच नाही! बेअरिंग तापून बंद पडलेले पंप उघडण्यात ज्याच्या रात्री गेल्या, त्याला याची किंमत विचारा. घासणे नाही, त्यामुळे रक्त गोठून पंप तुंबण्याचा धोकाही पुष्कळ कमी. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांप्रमाणे हा पंप लावलेले शंभरांतले अठ्ठावन्न रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते. यातल्या अनेकांच्या मनगटाला नाडी लागत नाही, रक्तदाब मोजायलाही वेगळे उपकरण लागते. नाडीपरीक्षेवर वाढलेल्या आपल्या वैद्यांना हे कसे सांगायचे, देव जाणे.

सगळे गोड नाही. पोटाच्या कातडीतून बाहेर येणारी तार, कमरेला बॅटऱ्या, तारेच्या तोंडाशी जंतुसंसर्गाची भीती, रक्त पातळ ठेवणारी गोळी रोजची, पक्षाघाताचा धोका. आणि आपल्याकडे सगळा खर्च कोटीच्या आसपास. लोडशेडिंगच्या गावात बॅटरी कशी भरायची, हा प्रश्न निराळाच. म्हणून आपल्या लोकांना पंपापेक्षा दान मिळालेल्या हृदयाचाच आधार मोठा, असे माझे मत आहे.

ते हृदय आपल्या सुरतेहूनही जाते. १९९४ च्या कायद्याने मेंदूमृत्यूला मान्यता मिळाली, तरी मुंबईत हृदयरोपण पुन्हा नीट सुरू व्हायला २०१५ उजाडले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये मुलुंडच्या रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे यांनी पुण्याहून आलेले हृदय बसवले. डिसेंबरात सुरतेहून हृदय तिथे पोचले, सुमारे दीड तासात. आमच्या हजीऱ्यासमोर, तापीच्या पैलतीरी मगदल्ल्याला विमानतळ आहे, तिथूनच विमान उडाले. काढलेले हृदय बर्फात ठेवून साधारण चार तासांच्या आत पुन्हा धडधडले पाहिजे. घेणाऱ्याच्या छातीत आधीच पंप असेल, तर जुन्या शस्त्रक्रियेने चिकटलेले भाग सोडवून पंप मोकळा करण्यात बराच वेळ जातो. म्हणून इकडे विमानाने जमीन सोडण्याआधीच तिकडे त्याला टेबलावर घेतलेले असते.