बुडाचा पेच

ठासणीच्या बंदुकीचा इतिहास बहुधा तिच्या घोड्याभोवती फिरतो. आधी जळता तोडा, मग चकमक, मग तांब्याची टोपी अशी बार पेटवायची रीत बदलत गेली आणि तिच्यावरूनच कालखंड पाडले गेले. नळीचे बूड बंद करणारा पेच मात्र दस्त्याच्या लाकडाआड दडलेला असतो, म्हणून त्याची दखल सहसा कुणी घेत नाही. याला ठळक अपवाद जपानच्या तानेगाशिमा बेटाच्या कथेचा. १५४३ साली एका चिनी गलबतातून काही पोर्तुगीज तिथे उतरले. बेटाचा तरुण अधिपती तोकिताका याने त्यांच्याकडून दोन बंदुका घेतल्या आणि तशाच घडवायला आपल्या लोहारांना सांगितले. बाहेरचा आकार हुबेहूब साधला, पण नळीचे बूड बंद कसे करायचे हे काही उमगेना. पुढच्या वर्षी आलेल्या जहाजावर एक परदेशी लोहार होता. याइता किनबेई या कारागिराने त्याच्याकडून ती युक्ती शिकून घेतली आणि बेटावर बंदुका तयार होऊ लागल्या. जपानला पेच ठाऊक नव्हता म्हणून बंदूक अडली आणि पेच कळताच ती सुटली, असा या कथेचा अर्थ नेहमी लावला जातो. माझ्या मते तो अर्धाच खरा आहे. नळी बंद करण्यासाठी पेच लागतच नाही. तो लागतो बंद केलेली नळी पुन्हा उघडण्यासाठी, म्हणजे मुख्यतः साफसफाईसाठी आणि डागडुजीसाठी.

याचा पुरावा हिंदुस्थानातच आहे. इथल्या अनेक तोड्याच्या बंदुकांच्या बुडाला आटे नाहीत. लोखंडाचा गोळा तापवून नळीच्या मागच्या टोकात बसवायचा आणि ठोकून तिच्याशी एकजीव करायचा, अशी ही पद्धत. अशा बंदुका मोगलांच्या, राजपुतांच्या आणि मराठ्यांच्या काळात लढाईत आणि शिकारीत चालल्या. पेचावाचून बंदूक होतच नसती, तर हे घडले नसते. इथल्या लोहारांचा हात कच्चा होता असेही म्हणता येत नाही. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त नळीच्या घडणीचे वर्णन केले आहे. लोखंडाची पट्टी तिरकी गुंडाळायची, वेढ्यांच्या कडा एकमेकींवर चढवायच्या आणि हळूहळू तापवत त्या जोडून टाकायच्या. गोव्यापुरते बोलायचे तर १५१० साली शहर जिंकणाऱ्या पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कनेच तिथल्या बंदूक-कारागिरांच्या कौशल्याची वाखाणणी आपल्या राजाला कळवली होती. तानेगाशिमाला पोहोचलेल्या बंदुकांचा घोडा गोवा-मलाक्का भागातल्या घडणीशी जुळतो, असे शस्त्रांच्या काही अभ्यासकांचे मत आहे. तेव्हा पेचाचे ज्ञान हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर पोहोचलेले असण्याचीच शक्यता जास्त. तरीही आतल्या मुलुखात ठोकून बंद केलेले बूड टिकून राहिले. त्याचे कारण केवळ अज्ञान नसावे. ते बूड भक्कम होते, त्यातून धूर गळत नसे आणि ते करायला आटे पाडण्याची कटकट नव्हती.

मग पेचाने नेमके काय साधले, हे समजायला काळ्या दारूचा स्वभाव पाहावा लागतो. सोरा, कोळसा आणि गंधक यांची ही दारू जळून पुरती वायुरूप होत नाही. नोबल आणि एबेल या ब्रिटिश संशोधकांनी १८७०च्या दशकात बंद भांड्यात ती जाळून मोजमाप केले, तेव्हा वजनाने निम्म्याहून अधिक भाग घनरूपात मागे उरतो असे दिसले. त्यातला काही धुरावाटे बाहेर जातो, उरलेला नळीला आतून चिकटतो. या किटात पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट आणि सल्फाइड असते. ते हवेतली ओल शोषते आणि त्याखालचे लोखंड गंजत जाते. पावसाळी मुलखात एका रात्रीचा आळससुद्धा महागात पडतो. तेलाने हे क्षार विरघळत नाहीत, पाण्याने विरघळतात, म्हणून ठासणीची बंदूक धुवावीच लागते. कीट सर्वांत दाट साचते ते बुडाशी, जिथे दारू पेटते आणि जिथे रंजकाचा कान, म्हणजे बार पेटवायचे भोक, नळीत उघडतो. गजाला चिंधी गुंडाळून कितीही घासले तरी बूड आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यात ती नीट पोहोचत नाही. ठोकून बंद केलेल्या नळीत तो कोपरा कायमचा नजरेआड जातो. कान मोकळा ठेवायला हिंदुस्थानी बंदुकांच्या दस्त्यात साखळीला अडकवलेली सळई असे, पण तिचा उपयोग कानापुरताच. पेच काढला की नळी दोन्हीकडून मोकळी होते. पाणी आरपार जाते, उजेडाकडे धरून आतला गंज तपासता येतो, अडकलेली गोळी मागून पुढे ढकलता येते आणि झिजलेली नळी पुन्हा आतून घासून घेता येते. अकबराने सोळा नळ्या एकाच वेळी आतून साफ करणारे, बैलाने फिरवायचे यंत्र केले असे अबुल फजल सांगतो. त्यापूर्वी त्या कामाला एखादा दणकट माणूस कितीतरी वेळ खपत असे. हे यंत्र कारखान्यातले. कारखान्याबाहेर पडलेल्या आणि बुडाशी कायमच्या बंद झालेल्या नळीला तशी आरपार सफाई पुन्हा मिळणे अवघड होते.

यावर पहिला आक्षेप असा की तानेगाशिमाच्या कथेवर एवढा भार टाकावा का. ती ज्या ‘तेप्पोकी’ या लेखातून आपल्याला कळते, तो नानपो बुन्शी या भिक्षूने १६०६ साली, म्हणजे घटनेनंतर ६३ वर्षांनी, तानेगाशिमा घराण्यासाठी लिहिला. घराण्याचे मोठेपण सांगणे हा त्याचा उघड हेतू आहे आणि बंदुका जपानात एकाहून अधिक वाटांनी आल्या असे आजचे काही अभ्यासक मानतात. आक्षेप रास्त आहे, पण त्याने माझा मुद्दा ढळत नाही. लेख घडल्या घटनेचा काटेकोर साक्षीदार नसेलही. सतराव्या शतकाच्या आरंभी जपानी माणसाला बंदुकीतले सर्वांत अवघड काम कोणते वाटत होते, याचा मात्र तो थेट पुरावा आहे. कुनितोमो या बंदूक घडवणाऱ्या गावाची परंपराही तेच सांगते. तिथल्या आख्यायिकेत जिरोसुके नावाचा लोहार धार तुटलेल्या सुरीने मुळा कोरतो आणि त्यातून त्याला आट्यांचे गुपित उलगडते. दोन ठिकाणच्या कथा वेगळ्या, पण दोन्हींचा कणा पेच हाच. ही ओढ वस्तूतही दिसते. जपानी बंदुकीची नळी दस्त्यात आडव्या खुंट्यांनी अडकवलेली असते. खुंट्या काढल्या की नळी मोकळी होते आणि तिच्या बुडाचा चौकोनी डोक्याचा पेच फिरवून काढता येतो. सारी जुळणी सुटी करण्याच्या हिशेबाने केलेली आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पेच साफसफाईसाठीच असेल, तर पेच जिथून आला त्या पाश्चात्त्य जगाच्या फौजांनी शिपायाला तो काढायची मनाई का केली? अमेरिकी यादवी युद्धातल्या १८६३च्या रायफलीच्या नियमपुस्तिकेत स्पष्ट म्हटले आहे की बुडाचा पेच फक्त शस्त्रागाराच्या कारागिराने काढावा, नेहमीच्या सफाईत कधीही नाही. शिपायाने कानात मऊ लाकडाची खुंटी मारायची, नळीत थोडे, शक्यतो कोमट, पाणी ओतून कीट भिजू द्यायचे, तोंड लाकडाच्या बुचाने बंद करून नळी वरखाली हलवायची, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच पुन्हापुन्हा करायचे. शेवटी तोंड खाली करून नळी निथळत ठेवायची. पेच न काढता नळी धुता येते, हे यातून नक्की ठरते. पण मनाईचे कारण पाहिले की आक्षेपाची धार बोथट होते. वारंवार उघडझाप केली की आटे झिजतात, पेच सैल बसतो आणि वायू मागे गळू लागतो. पेचाचे शेपूट, म्हणजे मागे निघालेली पट्टी, दस्त्यात नेमक्या जागी बसावे लागते, तो जरा कमीजास्त फिरला तरी जुळणी बिघडते. म्हणून फौजेने कामाची वाटणी केली. रोजची धुलाई शिपायाची, वर्षानुवर्षांची राखण कारागिराची. कारागिराला उघडता यावे म्हणून पेच, आणि शिपायाने उघडू नये म्हणून नियम. जे बूड मुळात उघडतच नाही, त्याला अशा नियमाची गरजच पडत नाही.

पुढचा प्रवासही बूड अधिकाधिक उघडता येण्याच्या दिशेने झाला. लंडनच्या हेन्री नॉकने १७८७ साली बुडाच्या पेचातच दारू पेटण्याची छोटी कोठी केली. तिने बार जलद पेटू लागला, पण साफ करायची आणखी एक अडगळ वाढली. शिकारीच्या इंग्रजी बंदुकांत पेचाचे शेपूट दस्त्यातच ठेवून नळी आकड्याने अडकवू लागले. एक पाचर काढली की नळी हातात येई आणि तिचे बूड पाण्याच्या बादलीत बुडवून गजाने पाणी ओढून-ढकलून धुता येई. १८६६ पासून इंग्रज सरकारने एनफिल्ड रायफलींचे बूड कापून त्यांना मागून भरायच्या स्नायडर रायफली केले, तेव्हा बूड पुरते उघडे झाले. ठासणीची बंदूक मग शौकिनांकडे आणि गरिबांकडे उरली. १९८५ साली अमेरिकेत टोनी नाइट यांनी नव्या घडणीची ठासणीची शिकारी रायफल बाजारात आणली, तिचा बुडाचा पेच शिकाऱ्याने स्वतः काढायचा असतो. गरम साबणाच्या पाण्याने धुवायचा, आटे ब्रशने साफ करायचे, वंगण लावून पुन्हा बसवायचा. न धुता काही आठवडे ठेवला तर तो आट्यांत असा जाम होतो की पान्ह्यालाही दाद देत नाही. जो पेच काढणे १८६३च्या शिपायाला गुन्ह्यासारखे होते, तोच आता न काढणे ही हेळसांड ठरते. धातू आणि आटे सुधारले म्हणून कारागिराचा अधिकार मालकाच्या हाती आला.

तंत्राचा इतिहास लिहिताना आपण विचारतो की अमुक लोकांना अमुक वस्तू करता आली का. बुडाच्या पेचाला हा प्रश्न अपुरा पडतो, कारण नळी बंद करण्याची कला आग्र्यालाही होती आणि कुनितोमोलाही. फरक होता तो वस्तूच्या उरलेल्या आयुष्याचा विचार घडवतानाच किती केला जातो यात. ठोकून बंद केलेली नळी तेव्हा स्वस्त पडते, भरवशाची असते आणि आतून गंजली की टाकावी लागते किंवा पुन्हा भट्टीत घालावी लागते. पेचाची नळी घडवायला महाग, सांभाळायला कटकटीची, पण तिचा दोष वेळीच सापडतो. जिथे लोखंड आणि कारागीर जवळ आहेत तिथे पहिली निवड शहाणपणाची ठरू शकते. म्हणून पेच नसलेल्या बंदुकीला मागासलेली म्हणणे जितके चूक, तितकेच पेचाला केवळ झाकण समजणे चूक. संग्रहालयातली जुनी बंदूक पाहताना नक्षीइतकेच लक्ष तिच्या बुडाकडेही द्यावे. ती कुणी आणि किती काळ सांभाळावी अशी अपेक्षा होती, याचा हिशेब तिथेच मांडलेला असतो.