चिंतेचे प्ररूप आणि लक्ष्मणचा ‘सामान्य माणूस’

व्यंगचित्रातील एखाद्या घाबऱ्या, चिंताग्रस्त पात्राला मानसशास्त्रीय प्ररूपांच्या चौकटीत बसविण्याचा उद्योग वरकरणी करमणुकीचा वाटतो. पात्र अंतर्मुख की बहिर्मुख, त्याच्या ठायी विचार प्रबळ की भावना, संवेदना प्रबळ की अंतःप्रज्ञा, असे प्रश्न विचारावयाचे आणि उत्तरांच्या बेरजेतून त्याचा स्वभाव सिद्ध करावयाचा, अशी ही रीत आहे. या रीतीमागे एक गृहीतक दडलेले असते. चिंतेचे मूळ माणसाच्या घडणीत शोधावे, त्याच्या परिस्थितीत शोधण्याचे कारण नाही, असे ती न बोलता मानते. आर. के. लक्ष्मण यांच्या ‘सामान्य माणसा’संदर्भात हे गृहीतक तपासले असता प्ररूपविचाराची मर्यादा तर दिसतेच, पण त्या पात्राच्या रचनेतील एक महत्त्वाची गोष्टही हाती लागते.

प्रथम या चौकटीचा इतिहास. कार्ल युंग यांचा मानसशास्त्रीय प्ररूपांवरील ग्रंथ १९२१ साली जर्मनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी चार मनोव्यापार कल्पिले. संवेदना आणि अंतःप्रज्ञा हे जगाचे ग्रहण करणारे व्यापार. विचार आणि भावना हे ग्रहण केलेल्याविषयी निर्णय देणारे व्यापार. प्रत्येकाला अंतर्मुख वा बहिर्मुख वळण मिळते आणि त्यातून आठ प्ररूपे संभवतात. पुढे अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात याच मांडणीवरून प्रश्नावली रचली व आठांची सोळा प्ररूपे केली. चिकित्सकाच्या खोलीतला विचार अशा रीतीने नोकरभरती आणि व्यवसाय-मार्गदर्शनाच्या कचेरीत आला, आणि तेथून लोकप्रिय कथा-चित्रांतील पात्रांपर्यंत पोहोचला. स्वतः युंग यांना ही वाट मान्य नव्हती. आपल्या ग्रंथाच्या अर्जेंटिनातील आवृत्तीसाठी १९३४ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी माणसांवर अशा चिठ्ठ्या चिकटविण्याला पोरखेळच ठरविले होते.

येथे एक बाब ध्यानात घ्यावयास हवी. युंग यांच्या मांडणीत चिंता हा मनोव्यापार नाही, आणि अंतर्मुख असणे म्हणजे भित्रे असणेही नव्हे. चिंतेचा प्रवेश होतो तो दडपलेल्या, अविकसित व्यापाराच्या दाराने. उदाहरणार्थ, ज्याची संवेदना प्रबळ आहे त्याची अंतःप्रज्ञा अविकसित राहते, आणि ती संशय, कुशंका, अकारण भय यांच्या रूपाने उसळून येते. अशुभ शक्यता त्याला सर्वत्र दिसू लागतात.

आता ‘सामान्य माणूस’. म्हैसूरला १९२१ मध्ये जन्मलेले लक्ष्मण मुंबईत ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये काही काळ काम करून १९४७ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त आले. त्यांचे पहिल्या पानावरील छोटे व्यंगचित्र १९५१ पासून सुरू झाले. टक्कल, कानांजवळ केसांचे पुंजके, झुबकेदार मिशी, गोल चष्मा, चौकड्यांचा कोट आणि धोतर, अशी ही मूर्ती. तिच्या जन्माची लक्ष्मण यांनी सांगितलेली हकीकत समीक्षेच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. आरंभी ते भारताचे चित्र उभे करण्यासाठी बंगाली, तमिळ, पंजाबी अशा नाना प्रांतांची माणसे पार्श्वभूमीला काढीत. दैनिकाची वेळ गाठताना एवढी गर्दी काढणे परवडेना. एकेक माणूस गळत गेला आणि शेवटी एकच उरला.

म्हणजे हे प्ररूप वजाबाकीने सिद्ध झाले आहे. मनोविश्लेषक एका व्यक्तीच्या खोलात जाऊन प्ररूपाकडे येतो. व्यंगचित्रकार समूहातून एकेक विशेष पुसत त्याकडे येतो. ‘टाइप’ या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ ठसा असा आहे, आणि छापखान्यातील खिळ्यालाही तेच नाव आहे. लक्ष्मणांचा माणूस या दुसऱ्या अर्थाने ‘टाइप’ आहे : रोज सकाळी उमटणारा ठसा.

या ठशावर युंग यांची कसोटी लावून पाहता काय दिसते? तो पाहतो, ऐकतो. मंत्र्याच्या सभेत, रुग्णालयात, खड्डे पडलेल्या रस्त्यावर, पुढाऱ्याच्या दिवाणखान्यात तो हजर असतो. संवेदना अखंड जागी आहे. वाटोळे झालेले डोळे आणि वर गेलेल्या भिवया पाहता पुढच्या अनर्थाची चाहूलही त्याला लागत असावी, अंतःप्रज्ञाही आहे. परंतु तो बोलत नाही. त्याची पत्नी बोलते, मंत्री आणि अधिकारी बोलतात, रस्त्यावरचा भिकारीही बोलतो. ह्याचा विचार काय, ह्याची भावना काय, याचा पुरावा चित्रात कोठेही ठेवलेला नाही. चारांपैकी ग्रहणाचे दोन व्यापार त्याला भरभरून दिले आहेत आणि निर्णयाचे दोन्ही काढून घेतले आहेत. म्हणून त्याचे प्ररूप ठरविता येत नाही. ही उणीव चित्रकाराच्या हातून राहिलेली नाही. पात्राचा अर्थच तीत आहे. ज्याला सारे दिसते पण ज्याच्या निर्णयाला कोठेही स्थान नाही, अशा माणसाच्या अवस्थेला चिंता हेच नाव उरते.

मुंबईहून आलेला महामार्ग पनवेल ओलांडल्यावर पळस्पे फाट्याशी दुभंगतो. एक वाट घाट चढून पुण्याकडे जाते, दुसरी पेण-महाडवरून गोव्याकडे. प्ररूपविचार प्रत्येक माणसाला असा फाट्यावर आणून उभा करतो आणि त्याचा कल कोणीकडे ते विचारतो. पण फाट्यावर पिशवी घेऊन एस.टी.ची वाट पाहणाऱ्या माणसाचे ताटकळणे त्याच्या कलावरून समजत नाही. त्याला कोठे जायचे ते ठाऊक असते. गाडी केव्हा येईल आणि थांबेल की नाही, हे त्याच्या हाती नसते. त्याच्या कपाळावरची आठी वेळापत्रकाची आहे, ती स्वभावाच्या खाती मांडणे अन्यायाचे होईल. युंग यांच्या परिभाषेत कुशंका म्हणजे आतल्या दडपणाचे बाहेर पडलेले प्रतिबिंब. सामान्य माणसाच्या कुशंका मात्र दुसऱ्या दिवशीच्या अंकात खऱ्या ठरतात.

तुलनेसाठी दोन पात्रे घेता येतील. चार्ल्स शुल्झ यांचा चार्ली ब्राऊन (१९५०–२०००) हा चित्रमालिकांतील चिंतेचा सर्वांत प्रसिद्ध धनी. तो अखंड बोलतो, स्वतःच्या मनाचे निदान करतो, लूसीच्या पाच सेंटांच्या मानसोपचार-टपरीवर जाऊन बसतो. त्याच्या निर्मात्यानेच मानसशास्त्र चित्रात आणून ठेवले असल्याने त्याला प्ररूपाची चौकट पेलते. मराठीत चि. वि. जोशी यांचा चिमणराव असाच बोलका आहे. तो आपली भीती आपणच निवेदन करतो, आणि धीट गुंड्याभाऊ शेजारी असल्यामुळे त्या भीतीला उतार मिळतो. लक्ष्मणांच्याच सृष्टीतून १९८८ मध्ये दूरदर्शनवर आलेला, कुंदन शाह दिग्दर्शित मालिकेतील वागळे हा नोकरदारही बोलतो. म्हणून तो ‘स्वभावाने’ भित्रा वाटतो, आणि प्रेक्षक त्याला प्रेमाने हसून मोकळा होतो. मुक्या माणसाच्या बाबतीत अशी सुटका नाही. चित्रात रिकामी ठेवलेली निर्णयाची जागा वाचकालाच भरावी लागते.

एल. सी. नाइट्स यांनी १९३३ मध्ये ब्रॅडली-परंपरेच्या स्वभावचिकित्सेवर केलेला हल्ला प्रसिद्ध आहे : पात्राला संहितेबाहेर चरित्र नसते. परंतु आपल्या परंपरेतही याविषयी सूक्ष्म विचार झाला आहे. नाट्यशास्त्रात शंका, चिंता, त्रास यांची गणना तेहतीस व्यभिचारी भावांत होते. ते येतात आणि जातात. कोणाचीही प्रकृती ‘चिंता’ नसते. भय मात्र स्थायी मानले आहे, आणि भरताने ते स्त्रियांच्या व नीच प्रकृतीच्या पात्रांच्या वाट्याला दिले आहे. आजच्या वाचकाला हे विधान बोचेल, आणि बोचावेच. तरीही त्यात नकळत एक सत्य नोंदले गेले आहे : भयाची वाटणी सत्तेच्या उतरंडीप्रमाणे होते. ज्यांच्या हाती निर्णय नाही, त्यांच्या ठायी भय स्थायी होते. सोळा प्ररूपांच्या तक्त्यात ही उतरंड दिसत नाही, कारण तेथे मालक आणि चाकर एकाच प्रश्नावलीची उत्तरे देतात.

लक्ष्मण २०१५ मध्ये निवर्तले. त्यांच्या माणसाचे पुतळे पुण्यात आणि मुंबईत वरळीच्या समुद्रकिनारी उभे आहेत. १९८८ मध्ये तो टपाल तिकिटावरही आला. गौरवाच्या या खुणांत एक धोका संभवतो. चिंतेतला संचार पुतळ्यात थिजतो आणि सोशिकपणा हाच या माणसाचा गुण होय, असे मानण्याची सोय होते. प्ररूपाची चिठ्ठी हेच काम अधिक शास्त्रीय थाटात करते. व्यंगचित्राचे वाचन मात्र त्याच्या भिवयांपासून सुरू करून त्या कशामुळे वर गेल्या, तेथपर्यंत नेले पाहिजे. उत्तर बहुधा चित्राच्या दुसऱ्या कोपऱ्यात, खुर्चीवर बसलेले सापडते.